नववी ते चौदावी : ब्रुकलिनच्या एका सरकारी शाळेची गोष्ट



आजचा विषय एका शाळेचा आहे. पण सुरुवातीलाच एका शब्दाचा गुंता सोडवून घेऊ. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की टाय लावलेली मुलं, पिवळी बस आणि पालकांच्या तोंडचं पाणी पळवणारी फी डोळ्यांपुढे येते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, या शब्दाचा अर्थ हाच. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे सरळसरळ सरकारी शाळा. करांच्या पैशावर चालणारी आणि फी नसलेली. मी आज बोलणार आहे ती शाळा या दुसऱ्या अर्थाने पब्लिक आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात ती सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाली. तिचं पूर्ण नाव लांबलचक आहे. सगळे तिला पी-टेक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तिच्याबद्दल बोलायचं कारण सांगतो. ‘शाळा आणि उद्योग यांची भागीदारी’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत, बजेटच्या बातम्यांत, गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात, की ते पार गुळगुळीत झाले आहेत. बहुतेक वेळा त्यातून निघतं एवढंच : कंपनीने वीस संगणक दिले, खोलीबाहेर पाटी लागली, फोटो निघाला. तीन वर्षांनी संगणकांवर धूळ आणि पाटी मात्र चकचकीत. पी-टेकमध्ये कोण काय देणार आणि मुलाच्या हातात शेवटी काय पडणार, हे शाळा उघडण्याआधी बसून ठरवलं गेलं. त्यातलं काय जमलं आणि काय नाही, याचा बऱ्यापैकी प्रामाणिक हिशेबही आता उपलब्ध आहे. मला या गोष्टीत रस आहे तो त्या हिशेबामुळे.

आधी जागा समजून घेऊ. क्राउन हाइट्स ही ब्रुकलिनमधली वस्ती. कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं आणि कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबं यांची इथे पिढ्यान्पिढ्या वस्ती आहे. तिथे पॉल रोबसन यांच्या नावाची एक सरकारी हायस्कूल होती. रोबसन हे मोठे गायक, नट आणि नागरी हक्कांसाठी लढलेले माणूस. आपल्याला ते वेगळ्या वाटेने ओळखीचे आहेत. भूपेन हजारिका न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रोबसन यांच्या संपर्कात आले, आणि मिसिसिपी नदीवरचं रोबसन यांचं गाणं हजारिकांच्या ब्रह्मपुत्रेवरच्या, पुढे हिंदीत गंगेवरच्या, गाण्याची प्रेरणा ठरलं. असो. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव असलेली ती शाळा निकालांत फार मागे पडली होती, आणि शहराने ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. त्याच इमारतीत पी-टेकचा पहिला वर्ग भरला. म्हणजे ‘चांगल्या वस्तीतली चांगली शाळा आणखी चांगली केली’ असा हा प्रकार नव्हता.

भागीदार तीन. शहराचं शालेय खातं, शहराचं सार्वजनिक विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी. विद्यापीठाच्या वतीने ब्रुकलिनमधलंच सिटी टेक हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज यात होतं. आयबीएमच्या बाजूने ही कल्पना रेटली ती स्टॅन्ली लिटो यांनी. ते आधी न्यूयॉर्कच्या शालेय खात्यात उपप्रमुख होते आणि नंतर आयबीएमच्या सामाजिक कामाचे प्रमुख झाले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी शाळेत फाईल कशी सरकते आणि कंपनीत माणूस कसा निवडला जातो, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला आतून माहीत असणं तसं दुर्मीळच.

आता रचना. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी अशी चार वर्षांची असते. पी-टेक सहा वर्षांची आहे. नववी ते चौदावी म्हणा ना! ही तेरावी-चौदावी म्हणजे कॉलेजची दोन वर्षं. अमेरिकेत कॉलेजची दोन वर्षांची एक स्वतंत्र पदवी असते, तिला असोसिएट डिग्री म्हणतात. आपल्याकडच्या डिप्लोमाच्या जवळची समजा. साधारण साठ क्रेडिट जमवले की ती मिळते, आणि पुढे चार वर्षांच्या पदवीला जायचं असेल तर त्यातले बरेचसे क्रेडिट तिथेही धरले जातात. पी-टेकच्या मुलाने सहा वर्षांत हायस्कूलचा दाखला आणि ही पदवी, दोन्ही घेऊन बाहेर पडायचं. पदवी संगणक प्रणालीतली किंवा यंत्र आणि वीज या दोन्हींची सांगड घालणाऱ्या अभियांत्रिकी शाखेतली. कॉलेजच्या फीचा एक पैसाही घरून द्यायचा नाही.

अमेरिकेत कॉलेजची फी किती असते आणि मुलं किती वर्षं कर्ज फेडत बसतात, हे ज्यांचे भाचे-पुतणे तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. पण फी हा एकच अडथळा नव्हता. बारावीनंतर सरकारी कॉलेजात नाव घातलेल्या मुलांपैकी पुष्कळ जण पदवीपर्यंत पोचतच नाहीत. कॉलेज म्हणतं, तुझं गणित कच्चं आहे, आधी उजळणीचा वर्ग कर. त्या वर्गाचे क्रेडिट मिळत नाहीत, वेळ आणि पैसा मात्र जातो. मूल कंटाळतं, कुठेतरी अर्धवेळ काम धरतं आणि हळूहळू गळून जातं. शाळा आणि कॉलेज यांच्यामधल्या या खड्ड्यावर पी-टेकने फळी टाकायचं ठरवलं. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय सुरू करायचे, म्हणजे ‘आता कॉलेजात जायचं’ असा वेगळा उंबरठाच उरत नाही.

आणि कंपनीचं काम काय? सगळ्यात आधी तिने एक उलटा हिशेब केला. आपल्याकडे असोसिएट डिग्रीवाल्या माणसाला कोणकोणती पहिली नोकरी देता येईल, त्याची यादी काढली. त्या नोकरीला काय काय यावं लागतं, हे लिहून काढलं. मग ते कौशल्य कॉलेजच्या कुठल्या विषयात येतं आणि त्या विषयाला बसायला शाळेत काय पक्कं असावं लागतं, असं मागे मागे येत नववीपर्यंत पोचायचं. गंमत म्हणजे असं मागे येत गेल्यावर नववीच्या वेळापत्रकात संगणकाची झगमग वाढली नाही. इंग्रजी आणि गणिताचे तास वाढले. जोडीला एक विषय कामाच्या जागी वागण्याबोलण्याचा होता. वेळेवर जाणं, चार जणांत मिळून काम करणं, केलेलं काम उभं राहून समजावून सांगणं. तंत्रज्ञानाच्या शाळेत पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय शिकवलं, तर भाषा आणि गणित. आपल्याकडे सहावीतल्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालणाऱ्या पालकांनी हे वाक्य जरा दोनदा वाचावं.

दुसरं काम माणसांचं. मुलांना आयबीएममधल्या नोकरदारांपैकी मार्गदर्शक मिळाले. बोलणं बरंचसं ऑनलाइन, अधूनमधून प्रत्यक्ष भेट. कंपनीने आपला एक माणूस पूर्ण वेळ शाळेसाठी दिला. त्याचं काम शाळा आणि कंपनी यांच्यातला दुवा होणं. कुणाला कुठल्या प्रकल्पाला न्यायचं, कुठला विभाग मुलांना दाखवायचा, उन्हाळ्यात कुणाला पगारी इंटर्नशिप देता येईल, हे सगळं त्याने बघायचं. शाळेचा रोजचा खर्च मात्र सरकारच करत राहिलं. शिक्षक सरकारी, मुख्याध्यापक सरकारी, इमारत सरकारी. पहिले मुख्याध्यापक रशीद डेव्हिस यांचं नाव त्या काळात बरंच गाजलं. शाळा कंपनीची झाली नाही, ही गोष्ट इथे ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

तिसरं काम वचनाचं. वचन नोकरीच्या हमीचं नव्हतं, जरी आपल्याकडच्या फॉरवर्ड केलेल्या मेसेजांमध्ये ते तसंच लिहिलेलं असतं. ही पदवी घेऊन बाहेर पडणारं मूल त्या पहिल्या पायरीच्या जागांसाठी रांगेत सर्वांत पुढे असेल, एवढंच कंपनीने सांगितलं. मुलाखत द्यायचीच, आणि जागा असेल तरच नोकरी. हे वचन लहान वाटतं खरं. पण क्राउन हाइट्समधल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या घरात अशा कंपनीत काम करणारं कुणीच नसतं. शिफारस करणारा काका नसतो, ओळखीचा साहेब नसतो. आपल्याकडे ‘वशिला’ हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. पण ज्यांच्याकडे तो कधीच नव्हता, त्यांच्यासाठी शाळेने मिळवलेला हा एक उजळमाथ्याचा वशिला होता.

प्रवेशाबद्दल बोललंच पाहिजे, कारण सगळ्या प्रयोगाची किंमत तिथे ठरते. न्यूयॉर्कमध्ये नामांकित सरकारी हायस्कुलांना कडक प्रवेश परीक्षा असतात. पी-टेकला परीक्षा नव्हती, गुणांची चाळणी नव्हती. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. हुशार मुलं निवडून घेऊन ‘बघा आमचा निकाल’ म्हणणं सोपं असतं. आपल्याकडच्या कोचिंग क्लासच्या जाहिराती त्यावरच चालतात. इथे आठवीच्या गणितात नापास झालेलं मूलही येऊ शकत होतं, आणि येत होतं.

सोडतीचा आणखी एक फायदा पुढे झाला. ज्यांना सोडतीत जागा मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, ती मुलं सुरुवातीला सारखीच. फरक फक्त नशिबाचा. मग काही वर्षांनी दोन्ही गटांची तुलना केली, तर जो फरक दिसेल तो शाळेचा. एमडीआरसी नावाच्या संशोधन संस्थेने न्यूयॉर्कमधल्या अशा सात शाळांचा नेमका असाच अभ्यास केला. २०२० साली आलेल्या पहिल्या अहवालात दोन वर्षांनंतरचं चित्र होतं. न्यूयॉर्क राज्यात बोर्डासारख्या विषयवार परीक्षा असतात, त्यांना रीजंट्स म्हणतात. त्यातल्या इंग्रजीच्या परीक्षेत कॉलेजचे विषय घेण्याइतके गुण दोन वर्षांत मिळवणारी मुलं या शाळांत ४२ टक्के होती आणि सोडतीत हुकलेल्या गटात २५ टक्के. शाळेत असताना कॉलेजचे विषय घेणाऱ्यांचं प्रमाणही इथे बरंच जास्त निघालं. मात्र शेवटची पदवी हातात पडलेल्या मुलांच्या बाबतीत फरक आहे, पण सुरुवातीच्या भाषणांत जितका वाटला होता तितका मोठा नाही. दाखल झालेलं प्रत्येक मूल चौदावी पार करत नाही. अर्ध्या वाटेवर थांबणारी पुष्कळ आहेत.

पण अहवालांच्या आधी गौरवाचा पूर आला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात या शाळेचं नाव घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते स्वतः शाळेत येऊन गेले. तेव्हा शाळेला दोनच वर्षं झाली होती. एकाही मुलाच्या हातात पदवी नव्हती. २०१५ च्या उन्हाळ्यात पहिली सहा मुलं सहा वर्षांचा अभ्यास चारच वर्षांत संपवून बाहेर पडली. त्यातली काही आयबीएममध्ये गेली, काही पुढच्या शिक्षणाला. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण पहिल्या तुकडीत साधारण शंभर मुलं होती. कॅमेरा सहा मुलांवर होता, आणि उरलेल्यांचं काय चाललंय हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

त्यांच्यापैकी काहींचं बरं चाललं नव्हतं. हे पुढे तिथल्या वृत्तपत्रांनी बाहेर काढलं. मुलांना लवकर कॉलेजच्या वर्गात बसवायचं या उत्साहात काही मुलं तयारी होण्याआधीच तिथे पोचली आणि काठावर पास किंवा सरळ नापास झाली. इथे एक बारीक पण वाईट गोष्ट आहे. आपल्याकडे एटीकेटी लागली की मूल पुढच्या वर्षात जातं, विषय सुटला की बहुतेक जण विसरतात. तिकडे कॉलेजमधला प्रत्येक शेरा मार्कशीटवर राहतो, सरासरीत धरला जातो, आणि पुढच्या प्रवेशाला आणि सरकारी आर्थिक मदतीला आडवा येऊ शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाने कॉलेजात मिळवलेला नापासाचा शेरा विसाव्या वर्षीही त्याच्यासोबत असतो. चांगल्या हेतूने दिलेली संधी अशी अंगावर येऊ शकते. मग कॉलेजात बसवण्याआधी मुलाची तयारी जास्त काटेकोरपणे पाहायला सुरुवात झाली. शहाणपण आलं, पण त्याची किंमत पहिल्या तुकड्यांनी मोजली.

‘स्थानिक उद्योग’ या शब्दाचा खरा अर्थ मला या मूळ शाळेपेक्षा तिच्या भावंडांमध्ये जास्त दिसतो. २०१२ साली शिकागोने अशा पाच शाळा एकदम काढल्या, पाच वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर. त्यातल्या आयबीएमच्या जोडीच्या शाळेला सारा गूड यांचं नाव आहे. शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या या बाईंनी १८८५ साली घडी करून टेबल होणाऱ्या पलंगाचं पेटंट घेतलं. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी त्या एक. न्यूयॉर्कमध्येच क्वीन्स भागात वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांबरोबर एनर्जी टेक नावाची शाळा निघाली, आणि ब्रॉन्क्समध्ये माँटेफिओरे रुग्णालयाबरोबर आरोग्यसेवेची. हे मला फार पटतं. शहराला वीज लागणारच, दवाखाना लागणारच. त्या नोकऱ्या दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाहीत.

संगणक कंपनीचं तसं नाही. तिचं काम बदलतं, धोरण बदलतं, प्रमुख बदलतात, माणसं कमी होतात. नववीत आलेलं मूल चौदावी संपवेपर्यंत सहा वर्षं जातात, आणि सहा वर्षांत कंपनी दुसरीच झालेली असू शकते. म्हणून कुठलीही अशी योजना समोर आली की मी एकच गोष्ट शोधतो. उद्या ही कंपनी निघून गेली तर मुलाच्या हातात काय राहील? पी-टेकच्या बाबतीत उत्तर बऱ्यापैकी समाधानकारक आहे. दाखला राज्याचा, पदवी सार्वजनिक विद्यापीठाची. ती घेऊन मूल दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतं किंवा पुढे शिकू शकतं. शाळा सरकारी असल्यामुळे कंपनी गेली तरी कुलूप लागत नाही. कंपनीने स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र देऊन मुलांना बोळवलं असतं, तर सगळा मामला त्या नावाच्या बाजारभावावर टांगलेला राहिला असता.

याच कसोटीवर आपल्याकडे बघू. ही कल्पना पुढे वीसहून अधिक देशांत गेली. भारतात ती हायस्कुलांपेक्षा आयटीआयच्या जगातून आली. केंद्राच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये आयबीएमच्या सहकार्याने नेटवर्किंग आणि क्लाउडचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रमाणपत्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं. हे बरं झालं. पण आपली खरी अडचण वेगळी आहे. नववीतल्या मुलाला हाताने काम करायला लावणं म्हणजे त्याला ‘खालच्या’ रांगेत बसवणं, ही समजूत आपल्या घराघरांत पक्की आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. तीन वर्षांत मिळून दहा दिवस. सुरुवात म्हणून ठीक.

आणि मोठी कंपनी गावात नसेल तर? याचं उत्तर महाराष्ट्रात पी-टेकच्या कितीतरी आधी शोधलं गेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात : जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, घर आणि आरोग्य. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर. आणि मुलांनी शिकताना केलेलं काम गावकऱ्यांच्या उपयोगाचं असतं. कुणाची खिडकीची जाळी, कुणाचं वायरिंग. गावाने त्याचे पैसे मोजायचे. म्हणजे इथे भागीदार उद्योग कोणता, तर अख्खं गाव. ते गाव आपलं ऑफिस बंगळुरूला हलवत नाही.

तुमच्या शहराच्या कडेला औद्योगिक वसाहत असेल, आणि तुम्ही शिक्षक किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, तर एखाद्या कारखानदाराकडे जाताना संगणक मागू नका. ते जुने होतात. त्याला म्हणा, तुमच्या सुपरवायझरचे आठवड्यातले दोन तास द्या. आणि एका कागदावर लिहून द्या, की तुमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलाला नेमकं काय आलं पाहिजे. तो कागद घेऊन नववीच्या गणिताच्या बाईंकडे जा आणि दोघं मिळून वाचा. अपूर्णांक, टक्केवारी, मोजमाप, इंग्रजीतली सूचना वाचून तसं काम करणं, असलंच काहीतरी त्यात निघेल. पुढचं वेळापत्रक त्यावरून आखता येतं.

पुढच्या भागात जर्मनीत आठवड्याचे काही दिवस शाळा आणि उरलेले कारखाना ही पद्धत कशी चालते, आणि ती उचलून आणायला निघालेले देश कुठे अडखळले, ते बघू.